स्टिकरवरचे तीन एचपी

माझ्या टेबल सॉवर, म्हणजे टेबलातून गोल पातं वर आलेल्या विजेच्या करवतीवर, लाल ठळक अक्षरांत '३ एचपी' लिहिलेलं. दोन इंच जाडीचं कठीण लाकूड उभं चिरायला घेतलं की पातं कण्हायला लागायचं, आणि ओव्हरलोडचं बटण फट्‌कन बाहेर. मोटर गार होईपर्यंत थांबा, बटण दाबा, पुन्हा तेच. पातं बोथट झालं असेल म्हणून नवं आणलं. उन्नीस-बीसचा फरक.

मग कंपनीला फोन. 'साहेब, मोटर तीन एचपीचीच आहे.' दुसऱ्या वेळी माणूस वेगळा, वाक्य तेच. ईमेल केला तर माहितीपत्रक आलं, त्यातही तीनच! पंधरा दिवस असे गेले.

शेवटी वैतागून बेल्टचं कव्हर उघडलं. भुशाचा थर खरवडल्यावर मोटरची पाटी दिसली: २३० व्होल्ट, ८ अँपिअर. एचपीचं नावच नाही. गुणाकार केला, १८४० वॅट. एक एचपी म्हणजे ७४६ वॅट. म्हणजे सगळीच्या सगळी वीज पात्यापर्यंत पोचली असं धरलं तरी अडीच एचपी भरत नाहीत. आणि सगळी कुठली पोचायला! पॉवर फॅक्टर (व्होल्ट-अँपिअरच्या गुणाकारातला खरा कामाचा वाटा) ०.८५ आणि एफिशियन्सी (त्यातला फिरवण्याच्या कामी येणारा वाटा) ०.७२ धरली तर उरतात साधारण ११२६ वॅट. दीड एचपी. राग आलाच, पण बरंही वाटलं. इतके दिवस मी माझ्या हातालाच दोष देत होतो.

चौथ्या फोनवर हा हिशेब वाचून दाखवला तेव्हा कुठे पलीकडून आलं, 'ते मॅक्स एचपी असतात.' मॅक्स म्हणजे मोटर अडून बंद पडायच्या बेतात असताना क्षणभर देते तो जोर. त्या क्षणात फळी कोण चिरतं?

तेव्हा स्टिकर सोडा, पाटीचा फोटो मागा. पी१ आणि पी२ दोन्ही असतील तर पी२ बघा. पी१ ही आत जाणारी वीज, पी२ ही मोटरच्या दांड्यावर मिळणारी ताकद. पाटीवर एस१ म्हणजे पूर्ण लोडवर सतत चालणारी मोटर. एस६ ४०% असेल तर दहा मिनिटांत चारच मिनिटं लोड, बाकी मोकळी फिरणार. हातातल्या अवजारांवरचे वॅट बहुधा आत जाणारेच असतात. वॅक्युम क्लीनरवर '६ एचपी' दिसलं तर हसून सोडून द्या: ते होतात ४४७६ वॅट, आणि १६ अँपिअरचा प्लग २३० व्होल्टवर ३६८० च्या वर देत नाही.

हे आधी सांगायला हवं होतं: माझी एक्स्टेन्शन वायर लांब आणि बारीक होती, लोड आला की व्होल्टेज पडायचं. जाड वायर घेतली, चिरायला २४ दात्यांचं पातं लावलं. आता तीच फळी सावकाश ढकलली तर निघते. घाई केली की बटण अजूनही बाहेर येतं.