कुस्को, विरळ हवा आणि आम्ही दोघी : माझा अनुभव

पेरूतल्या कुस्कोला जायचं म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी आधी एकच विचारते, विमानातून उतरल्यावर पहिली रात्र कुठे काढणार आहात? कारण माचू पिचूची तिकिटं, ट्रेन, हॉस्टेल सगळं लोक खूप आधीपासून बघून ठेवतात आणि उंचीचा विषय मात्र "लेहला गेलो होतो की, काही नाही झालं" एवढ्यावर संपतो. कुस्को साधारण ३,४०० मीटरवर आहे, लेहपेक्षा जेमतेम शंभर मीटर कमी. पेरूची राजधानी लिमा समुद्राच्या काठावर, आणि तिथून विमान सव्वा तासात तुम्हाला उचलून थेट एवढ्या उंचीवर ठेवतं. हवेत ऑक्सिजनचं प्रमाण तेवढंच असतं, २१ टक्के, पण हवेचा दाबच समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांश, म्हणून प्रत्येक श्वासात आत जातो तो कमी. यात तुमचा स्टॅमिना काही कामाला येत नाही. माझी मैत्रीण दर रविवारी सिंहगड चढणारी, आणि त्रास तिलाच झाला.

निघायच्या आधी आम्ही दोघी डॉक्टरांकडे जाऊन आलो होतो. मला त्यांनी डायमॉक्स, म्हणजे उंचीच्या त्रासावरची गोळी दिली, आदल्या दिवसापासून सुरू करायची. तिला सल्फा औषधांची ॲलर्जी आहे त्यामुळे तिला नको म्हणाले, हळूहळू चढा, हाच तुमच्यासाठी उपाय. म्हणून आमचा प्लॅन असा होता की कुस्कोत थांबायचंच नाही, विमानतळावरून सरळ ओयांतायताम्बोला जायचं, ते २,८०० मीटरच्या आसपास आहे, तिथे थोडे दिवस काढायचे आणि मग वर कुस्कोला यायचं. पण लिमाहून विमानच इतकं उशिरा सुटलं की उतरेपर्यंत रात्र झाली, घाटातल्या रस्त्यावर रात्री जायची तयारी नव्हती, म्हणून सान ब्लास भागात एका हॉस्टेलमध्ये खोली घेतली. सान ब्लास म्हणजे सगळ्या अरुंद गल्ल्या आणि दगडी पायऱ्या, पाठीवर सॅक घेऊन दहा पायऱ्या चढलो की थांबायचं, परत दहा.

हॉस्टेल चालवणाऱ्या सेन्योरांनी आल्या आल्या कोकाचा चहा दिला, गरम पाण्यात नुसती पानं टाकलेली. तिथे प्रत्येक ठिकाणी तो देतात, बरं वाटतं, घशाला शेक मिळतो, पण तो प्यायला म्हणजे आता काही होणार नाही असं समजू नका. (आणि पानं किंवा त्याच्या टी-बॅग्ज आठवण म्हणून घरी आणू नका, कोकेन याच पानांपासून बनतं, पेरूत पानं कायदेशीर आहेत पण भारतात किंवा अमेरिकेत कस्टमला सापडलं तर भलतंच लफडं होईल.)

मध्यरात्रीनंतर ती उठून बसली. डोकं फुटतंय म्हणाली, संध्याकाळी प्यायलेलं किन्वाचं सूप सगळं उलटून पडलं, आणि तरी वर म्हणते कशी, "मी ठीक आहे गं, तू झोप, सकाळी होईल बरं." हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं म्हणून सांगते, ज्याला त्रास होतोय तो माणूस ठीक आहे असंच म्हणणार, दुसऱ्याच्या ट्रिपचा विचका व्हायला नको म्हणून. निर्णय सोबतच्याने घ्यायचा. आम्ही ऑक्सिमीटर नेला होता, तो तिच्या बोटाला लावला तर काही केल्या आकडाच येईना, कारण नखांना गडद मरून नेलपेंट आणि हात बर्फासारखे गार. मग एका नखाचं नेलपेंट अक्षरशः नाणं घासून खरवडून काढलं, हात चोळून गरम केले, तेव्हा रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा स्थिर झाला, ८२ टक्के. माझा ८९ होता. त्या उंचीवर नव्वदच्या आसपास असणं नॉर्मलच आहे, आपल्याकडच्या ९८ शी तुलना करून घाबरायचं नाही, पण ८२ आणि त्यात उलटी म्हटल्यावर मी खाली जाऊन सेन्योरांना उठवलं.

त्यांना यात काही नवीन नव्हतं. तिथे या त्रासाला सोरोचे म्हणतात आणि बऱ्याच हॉटेलांत ऑक्सिजनचा सिलिंडर ठेवलेलाच असतो. त्यांनी तो वर आणला, मास्क लावला, डॉक्टरांना फोन केला. मास्क लावला की आकडा वर चढायचा, काढला की थोड्या वेळात परत खाली. डॉक्टर पहाटे आले. मला स्पॅनिश येतं ते दुकानात भाव विचारण्यापुरतं, बाकी सगळं फोनवर ट्रान्सलेट करून चाललेलं. त्यांनी छाती तपासली, बसल्या जागी दम लागतोय का विचारलं, खोकला आहे का विचारलं आणि मग तिला बाहेरच्या फरशीच्या रेघेवरून पावलाला पाऊल जोडून सरळ चालायला लावलं. ती चालली. तोल गेला असता किंवा छातीत पाणी झाल्यासारखा आवाज आला असता तर थेट हॉस्पिटल, कारण फुफ्फुसात किंवा मेंदूत सूज आली की ते जिवावरचं असतं. तसं नव्हतं. आजच खाली उतरा, एवढंच त्यांनी दोनदा सांगितलं. निदान आणि पैसे दोन्ही शिक्का मारून कागदावर घ्या बरं का, इन्शुरन्सला तेच लागतं.

आता गंमत अशी की कुस्कोहून ओयांतायताम्बोच्या खोऱ्यात उतरायला आधी वर चढावं लागतं. उरुबांबाचा रस्ता चिंचेरोवरून जातो आणि चिंचेरो कुस्कोपेक्षा उंच, ३,७०० च्या वर. हे डॉक्टरांना मुद्दाम विचारून घेतलं, ते म्हणाले न थांबता पार करा, वर उतरून फोटोबिटो काढत बसू नका. नाहीतर आम्ही शेअर व्हॅननेच जाणार होतो, स्वस्त पडते, पण त्या दिवशी टॅक्सी केली म्हणजे मध्ये थांबवायला लागली तर कुणाची कुरकुर नको. चिंचेरोच्या पठारावर ती डोळे मिटून मान मागे टाकून बसलेली, मी दर पाच मिनिटांनी काहीतरी विचारून तिला बोलतं ठेवत होते. मग वळणं सुरू झाली, खाली उरुबांबा नदी दिसायला लागली, कानात दडे बसून सुटले. ओयांतायताम्बोला पोहोचून झोपली आणि दुपारी उठली ती "भूक लागलीये" म्हणतच. सहाशे मीटर खाली आल्याचा एवढा फरक पडतो.

ओयांतायताम्बोत राहणं आम्हाला नाइलाजाचं अजिबात वाटलं नाही. इंकांनी, म्हणजे स्पॅनिश येण्याआधी इथे राज्य करणाऱ्यांनी आखलेल्या गल्ल्यांत लोक अजून राहतात, रस्त्याच्या कडेने दगडी पाटातून पाणी खळखळत असतं. समोरच्या पायऱ्या पायऱ्यांच्या गढीवर इंकांचा राजा मांको इंका याने स्पॅनिश फौज परतवून लावली होती, खालच्या मैदानात पाणी सोडून. वर सूर्यमंदिराचे सहा प्रचंड उभे दगड आहेत, ते नदीच्या पलीकडच्या डोंगरातल्या खाणीतून आणलेले. पहिल्यांदा आम्ही नुसतं खालून बघितलं, मग अर्ध्यापर्यंत गेलो, मग पूर्ण वर. तिला दम लागला की तिथेच बसायचं, तिची चाल तीच माझी चाल. माचू पिचूही इथूनच ट्रेनने केलं. ते तर आणखी खाली आहे, २,४३० मीटर, तिथे तिला काहीच जाणवलं नाही, आणि त्याबद्दल सगळीकडे इतकं लिहिलेलं आहे की मी वेगळं काय सांगू.

मग परत कुस्को, आणि यावेळी त्याच सान ब्लासच्या पायऱ्या ती माझ्यापुढे चढली. हातुन रुमियोक गल्लीत बारा कोनांचा दगड बघितला, आजूबाजूचे सगळे दगड त्याला असे भिडलेत की मध्ये चुना नाही की फट नाही. कोरिकांचाला बराच वेळ काढला. इंकांचं सूर्यमंदिर पाडून त्यावर स्पॅनिशांनी मठ बांधला, १९५० च्या भूकंपात वरचं बांधकाम ढासळलं आणि खालच्या इंका भिंती मात्र जशाच्या तशा. तिथे उभं राहून माझ्या अंगावर काटा आला होता. शहराच्या वरच्या साक्सायवामान या इंका गढीला चालत जायचं ठरवलं तेव्हा मात्र आधी ऑक्सिमीटर, मग पाणी, मग चढ.

सान पेद्रो बाजारात एक मस्त सापडलं. किविचा म्हणजे आपला राजगिराच, त्याच्या लाह्यांच्या मधात घातलेल्या वड्या मिळतात. मैत्रिणीची चतुर्थी होती, बटाटे, शेंगदाणे आणि राजगिरा तिन्ही एका बाजारात, आणि बटाटे-शेंगदाणे तर मूळचे त्याच खंडातले! उंचीवर जड जेवण पचत नाही त्यामुळे त्या वड्या आम्ही सॅकमध्ये ठेवूनच फिरलो.

प्लाझा दे आर्मास या मुख्य चौकात एजंट लोक हातात कागद देऊन सप्तरंगी डोंगराची टूर विकत असतात, उद्या पहाटेच चला म्हणतात. तो डोंगर ५,००० मीटरच्या वर आहे. काल लिमाहून उतरलेली पोरं पैसे भरताना बघून मला राहवलं नाही, आमच्याच हॉस्टेलमधल्या दोघांना बसवून सगळं सांगितलं, त्यांनी टूर पुढे ढकलली. आम्ही तो केलाच नाही, तिला नको होतं आणि मलाही तिच्याशिवाय जायचं नव्हतं.

तिथून पुढे तितिकाका सरोवराच्या काठच्या पुनोची बस पकडली. तितिकाका ३,८१२ मीटरवर आहे, पण तोवर शरीर रुळलं होतं, पहिल्या रात्री तिला जरासं डोकं जड वाटलं, आकडा ८७, पाणी पिऊन लवकर झोपलो आणि सकाळी बोटीत बसलो.