नांगराची निशाणी

रविवार, रात्री उशिरा

झोप येत नाही म्हणून लिहितोय. कारण तसं फुसकंच. वंशावळीसाठी नानांनी दिलेल्या पुरचुंडीतला एक कागद मोडीवाल्या बाईंनी आज वाचून दाखवला. कर्जरोखा निघाला. चैत्र शके १७९८, म्हणजे १८७६. कर्ज घेणारे आमचे थोरले आबा.

तेच आबा. सहा बैली नांगराचे. ते पारावर येऊन बसल्याशिवाय गावात बांधाचं भांडण मिटत नसे म्हणे. लहानपणापासून त्यांच्याच नावाने मला झोडपलंय. नोकरी सोडली तेव्हा, लग्नात मांडव छोटा घातला तेव्हा, 'आबांच्या रक्ताचा ना तू?' आयुष्यभर मी त्या माणसापुढे कमी पडत आलो, आणि तो स्वतः गळ्यापर्यंत कर्जात. खरं तर हायसं वाटायला हवं. वाटतंय फसल्यासारखं.

बाई म्हणाल्या, तेव्हा कोण नव्हतं कर्जात? अमेरिकेतल्या लढाईपायी कापूस चढला होता तोवर सावकार घरी येऊन पैसे देत. १८६५ला लढाई संपली, भाव कोसळले, मागोमाग शेतसाऱ्याची फेरआकारणी आली ती चढी. त्यात १८५९चा मुदतीचा कायदा, तोही म्हणे कुळाच्या भल्यासाठी. रोखा तीन वर्षांत बाद होणार, म्हणून सावकार मुदत संपायच्या आत व्याज मुद्दलात घालून नवा लिहून घ्यायचा. १२ मे १८७५ला सुप्याच्या बाजारात भडका उडाला तो यातूनच. सावकारांच्या वह्या-रोखे भर रस्त्यात पेटवले.

सुपं आमच्या गावापासून चालत जाण्याजोगं. आबा त्या दिवशी सगळ्यांच्या पुढे होते, असं नाना छातीठोक सांगतात. असतील. मग पुढच्याच वर्षी 'मागील बाकीबद्दल' म्हणून नवा रोखा कसा? रात्री जाळला आणि सकाळी हिशेबाला जाऊन बसले? का गेलेच नव्हते?

खाली सहीच्या जागी नांगर काढलाय. लिहिता न येणारा कुणबी अशीच निशाणी करायचा. बोरूच्या चार रेघा, रुमणं, हाळीस, फाळ. फाळाशी शाई साकळलेली, तिथे हात थांबला असावा. आणि वर गहाण काय लिहिलंय, तर जमीन आणि बैल. मला हसू आलं. बाई हसल्या नाहीत.

गेले ते श्रावण शके १७९९ला. वारीहून परतताना, गळ्यात माळ असताना, असं घरात सांगतात. पण ते १८७७ साल. कडब्यावाचून बैल मातीमोल विकले जात होते आणि दुष्काळी कामांवर मजुराला एक रत्तल धान्य आणि एक आणा यावर दिवस काढायला लावत होते. परतत होते ते वारीहूनच ना, एवढंच आईला विचारलं. "माळ होती गळ्यात," म्हणाली आणि दिवा मालवला.

पुन्हा तेच, फसल्यासारखं. पण फसवलं कुणी? माझ्यासारखे व्हा, असं आबा कधी म्हणाले नव्हते. ते घरचे म्हणाले. आणि गावात मान होता म्हणूनच तर सावकाराने इतकं दिलं असणार. फाटक्या माणसाला कोण देतो? मलाही बँकेने दिलं ते पगार बघून. बँकेतल्या बाईंनी पेन्सिलीने फुल्या मारून ठेवल्या होत्या तिथे तिथे सह्या ठोकल्या, एक ओळ वाचली नाही. आबांना वाचता येत नव्हतं, मला येतं. आता तर नुसता ओटीपी, त्याला धड रुमणंही नाही. म्हणजे रक्त आबांचंच की!

कागदाच्या पाठीवर शके १८०१ची फेड नोंदवलीय. आबा गेल्यावर दोन वर्षांनी. म्हणजे थोरल्या आजीने फेडलं? वंशावळीत तिचं नाव नाही. बाईमाणसाचं कुणाचंच नाही. ते उद्या बघतो.

मघाशी नानांना फोन करून विचारलं, रोख्याचं छापू का? बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "छाप. पण रक्कम घालू नकोस." फिटलेला रोखा फाडून परत देत, त्या फाटलेल्या तुकड्याबरोबर रक्कम केव्हाच गेलीय. ते त्यांना सांगितलं नाही. मोठे उपकार केल्यासारखं 'बरं, तुम्ही म्हणता तर' म्हणालो.