एवढासा गोबी, तो खातो तरी काय?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, नाहीतर हा विषय मी आपणहून काढत नाही, कारण एकदा सुरू झाले की घरचे उठून आत जातात. प्रश्न नेहमीचाच. कोथरूडच्या फ्लॅटमध्ये ४० लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी, त्यात बोटाच्या पेराएवढा पिवळा मासा, तो खातो काय आणि त्या रंगीत कोरलला (म्हणजे प्रवाळाला) वेगळं काय घालतेस? तर माशाला चिमूटभर, कोरलला वेगळं जवळजवळ काहीच नाही, आणि सगळी मेहनत पाण्यावर.

मासा म्हणजे यलो क्लाऊन गोबी. पूर्ण वाढला तरी साडेतीन सेंटीमीटरच्या आसपास. गोबींचा गोतावळा अफाट मोठा आहे, कोकणात खाडीच्या चिखलात उड्या मारणाऱ्या निवट्या पण त्यातल्याच. पोटाखालचे पंख जुळून त्यांची चकती झालेली असते, त्या चकतीने हा दगडाला धरून बसतो आणि बसूनच राहतो, खाण्यामागे पळणं त्याच्या स्वभावात नाही, खाणं तोंडासमोरून वाहत गेलं तर टुणकन पुढे होऊन एक घास घेणार की परत जागेवर. त्यामुळे वरून फ्लेक्स, म्हणजे माशांच्या खाण्याचे पातळ पापुद्रे, टाकले की ते पंपाच्या प्रवाहात गरागरा फिरतात, मागच्या कोपऱ्यात जाऊन कुजतात आणि मासा उपाशी तो उपाशीच. पेलेट (सुक्या खाण्याच्या गोळ्या) खाणारे क्लाऊन गोबी असतात पण बरेचसे सुरुवातीला तोंड पण लावत नाहीत, म्हणून मी सगळ्यांना सांगते, घ्यायच्या आधी दुकानदाराला तुमच्यासमोर खायला घालायला लावा, आणि पोट आत गेलेला मासा कितीही गोड दिसला तरी घेऊ नका.

मी फ्रोझन सायक्लॉप्स घालते, कधी मायसिस, दोन्ही कोळंबीच्या जातकुळीतले बारीक जीव, पण मायसिस त्याच्या तोंडाला मोठा होतो म्हणून सुरीने बारीक करून. एक अख्खा क्यूब या एवढ्याशा जिवाला फारच जास्त, म्हणून छोटासा कपटा कापायचा, टाकीतल्याच पाण्यात वाटीत विरघळवायचा, चहाच्या गाळणीतून गाळायचा (गाळणी वेगळी ठेवलीय, घाबरू नका, चहा घ्या), आणि ते गढूळ पाणी सिंकमध्ये, टाकीत नाही, कारण त्यात फॉस्फेट असतं आणि फॉस्फेट म्हणजे शेवाळाला आमंत्रण. मग पंप दहा मिनिटं बंद, सुई काढलेल्या सिरिंजने त्याच्यापासून इंचभर लांब हळूच सोडायचं. दिवसातून दोनदा, थोडंथोडंच. आमच्याकडे कुणी मासे खात नाही, त्यामुळे फ्रीजरमध्ये मटारच्या पिशवीमागे कोळंबीच्या नातेवाईकांचा डबा आहे हे सासूबाईंनी कसं स्वीकारलं तो वेगळा विषय आहे.

नवीन आणलेला गोबी काहीच खात नसेल तर आर्टेमियाची, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या बारीकशा कोळंबीसारख्या जिवाची, पिल्लं काढा. बाटलीत खारं पाणी, एअर पंपाची नळी, चिमूटभर अंडी, साधारण २८ डिग्रीला २४ तासांत पिल्लं बाहेर, पुण्यात डिसेंबरच्या थंडीत जास्त वेळ लागतो. पिल्लं उजेडाकडे येतात, टरफलं वर तरंगतात, त्यामुळे बाटलीच्या खालच्या बाजूला टॉर्च लावला की नुसती पिल्लं ओढून घेता येतात. मात्र लगेच घाला, काही तासांत ती स्वतःच्या अंगातला बलक संपवतात आणि मग त्यांच्यात फारसा कस उरत नाही. हलणारं काहीतरी दिसलं की हट्टी गोबीसुद्धा सहसा तोंड उघडतो.

आता कोरल. ते दगड नाहीत, झाडंही नाहीत, प्राणी आहेत, पण त्यांच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं आणि उजेडावर अन्न तयार करून बरंचसं कोरललाच देतं. म्हणून माझ्याकडचे झोअँथिड, मशरूम आणि ग्रीन स्टार पॉलिप हे कोरलचे प्रकार मुख्यतः लाइटवर जगतात, आणि गोबीच्या हातून सुटलेले कण आणि गोबीची घाण एवढ्यावर त्यांचं बाकीचं भागतं. म्हणजे गोबीला जे घालते तेच कोरलचं खत. जास्त घातलं तर पाण्यात घाणीतून तयार होणारं नायट्रेट चढतं, झोअँथिड मिटून बसतात, काचेवर शेवाळ. पण टेस्टमध्ये नायट्रेट शून्य आलं म्हणून पेढेही वाटू नका, अगदी शून्यावर पण कोरल फिके पडायला लागतात. मी ५ ते १० पीपीएममध्ये (दहा लाख भागांत ५ ते १० भाग) खूश असते.

झोअँथिडबद्दल एक गोष्ट हसण्यावारी नेऊ नका. काहींमध्ये पॅलिटॉक्सिन नावाचं भयंकर विष असतं. कापताना ग्लोव्हज आणि चष्मा पाहिजेच, आणि झोअँथिड असलेला दगड साफ करायला कधीही उकळू नका, त्या वाफेने लोक हॉस्पिटलमध्ये गेलेत.

"अक्रोपोरा का नाही ठेवलास, गोबी त्यातच राहतो ना?" हे थोडं वाचलेले लोक विचारतात. अक्रोपोरा म्हणजे फांद्याफांद्यांचा कोरल. समुद्रात राहतो, खरंय. २०१२ मध्ये फिजीमधल्या अभ्यासात दिसलं की विषारी शेवाळ अक्रोपोराला टेकलं की कोरल पाण्यात रासायनिक इशारा सोडतं आणि त्यात राहणारे गोबी काही मिनिटांत येऊन ते शेवाळ कुरतडून टाकतात, म्हणजे भाडेकरूच घराची राखण करतो. पण छोट्या टाकीत हाच भाडेकरू अंडी घालायला फांदीवरची जागा चावून मोकळी करतो, आणि अक्रोपोराला अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल पेलण्याची ताकद) जराही हललेली चालत नाही. ४० लिटरमध्ये तो नाद नको.

आणि कुणी मालवणला निघालं की "येताना तुकडा आणू का?" नको! दगडासारखे, रीफ म्हणजे प्रवाळखडक बांधणारे कोरल आपल्याकडे २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्यात आहेत, वाघाबरोबर, पहिल्या अनुसूचीत. किनाऱ्यावर पडलेला मेलेला तुकडा पण उचलू नका. विकत घेतानासुद्धा माल कुठून आला ते विचारा आणि बिल घ्या.

पाणी कोकणातून आणते का? नाही हो. आरओचं पाणी आणि रीफ सॉल्ट, म्हणजे कोरलच्या टाकीसाठी मिळणारं मीठ, लिटरला साधारण ३५ ग्रॅम, घनता १.०२५. स्वयंपाकाचं मीठ चालत नाही, त्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम कुठून येणार. घरच्या प्यायच्या आरओमध्ये बऱ्याचदा मिनरल परत मिसळतात, त्यामुळे टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) लावून बघा. आठवड्याला चार लिटर बदललं की माझ्या सॉफ्ट कोरलना वेगळं काही डोस करावं लागत नाही, केएच, म्हणजे अल्कलिनिटीचं माप, आठच्या आसपास राहतं. एप्रिल-मेमध्ये टाकीवर पंखा लावते, तापमान २६ वर राहतं पण पाणी भराभर उडतं. उडतं ते फक्त पाणी, मीठ मागे राहतं, म्हणून भर घालायची ती साध्या आरओची, खाऱ्याची नाही. लाइट गेली, आणि पुण्यात गुरुवारी ती जातेच, तर बॅटरीवरचा एअर पंप आपोआप सुरू होतो. हीटर, लाइट नसले तरी काही तास निभतात, ऑक्सिजनचं तसं नाही.

गावाला जाताना काय करता, हा शेवटचा प्रश्न. धष्टपुष्ट गोबी दोन दिवस सहज काढतो. त्याहून जास्त असेल तर शेजारच्या पोराला किल्ली देते, प्रत्येक दिवसाचा कपटा बर्फाच्या ट्रेमध्ये वेगवेगळा ठेवून वर तारीख चिकटवते, आणि बाकीचा डबा मटारमागून काढून मैत्रिणीच्या फ्रीजरमध्ये ठेवून येते, कारण माशाची दया येऊन जास्त घालणारा शेजारी या टाकीला गुरुवारपेक्षा महाग पडतो.