हडसनवरून 1,100 फुटांवर: पडदा, रेडिओ आणि डोळे

न्यू जर्सीत राहून विमान चालवणाऱ्याला कधी ना कधी हडसन नदीवरून उडायचा मोह होतोच. मला परवाना मिळून चार वर्षं झाली होती, पण मुहूर्त लागत नव्हता. सांगलीहून मामेभाऊ आला आणि म्हणाला, "दादा, मॅनहॅटन दाखव, पण वरून." मग ऑक्टोबरमधला एक मंगळवार ठरवला. वार मुद्दाम मंगळवार. शनिवार-रविवारी त्या नदीवर गणपतीतल्या लक्ष्मी रोडसारखी गर्दी असते.

न्यूयॉर्कच्या तीन मोठ्या विमानतळांमुळे शहरावरची हवा 'क्लास बी', म्हणजे कंट्रोलरच्या परवानगीशिवाय पाऊल टाकायचं नाही अशी. पण नदीवर, पाण्यापासून 1,300 फुटांच्या खाली, एक चिंचोळा पट्टा मोकळा ठेवला आहे. तिथे कंट्रोलर नाही. जो तो 123.05 या फ्रिक्वेन्सीवर आपण कुठे आहोत ते सांगतो आणि बाकीच्यांचं ऐकतो. नुसतं पुढे जाणाऱ्यांनी 1,000 ते 1,300 फुटांमध्ये राहायचं. त्याखाली पर्यटकांची हेलिकॉप्टरं आणि चढणारी-उतरणारी स्थानिक वाहतूक. वेग 140 नॉटच्या आत, दिवे चालू, न्यूयॉर्कचा ताजा टर्मिनल नकाशा (मोठ्या विमानतळांभोवतालच्या हवाई हद्दीचा) जवळ, आणि नदीचा उजवा काठ धरून जायचं. एफएएचा, म्हणजे अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्याचा, या पट्ट्यावरचा ऑनलाइन अभ्यासक्रम फुकट आहे. तो केल्याशिवाय जाऊ नका.

हे नियम सक्तीचे झाले ते एका अपघातानंतर. 8 ऑगस्ट 2009 रोजी याच नदीवर एक पायपर विमान आणि पर्यटकांचं हेलिकॉप्टर एकमेकांवर आदळले आणि नऊ माणसं गेली. चौकशी अहवाल वाचताना मला एक गोष्ट खटकली होती. दोन्ही यानांत आसपासची विमानं दाखवणारी यंत्रणा होती, आणि दोन्ही वैमानिकांनी तिचा नीट उपयोग केला नाही, असं त्यात लिहिलं आहे. म्हणजे माहिती कॉकपिटमध्ये पोचली होती.

तेव्हा ती माहिती जमिनीवरच्या रडारकडून यायची. आता एडीएस-बी आहे. एसटी स्टँडवर कंडक्टर "सातारा, सातारा" ओरडतो, तसलाच हा प्रकार: कोण ऐकतंय याच्याशी त्याला देणंघेणं नाही. विमान जीपीएसवरून आपली जागा काढतं आणि साधारण दर सेकंदाला ती, उंची आणि वेग हवेत सोडून देतं. हे झालं 'आऊट'. 1 जानेवारी 2020 पासून अमेरिकेतल्या बहुतेक गजबजलेल्या हवाई हद्दीत ते सक्तीचं आहे. दुसऱ्यांचं ऐकणं म्हणजे 'इन', आणि त्याची सक्ती नाही. म्हणून माझ्यासारखे भाड्याच्या सेस्ना 172 मध्ये उडणारे लोक खिशाएवढा रिसीव्हर घेऊन जातात आणि टॅब्लेटवर वाहतूक बघतात.

रिसीव्हर घ्यायचाच असेल तर दोन्ही बँडचा घ्या. अमेरिकेत हे ओरडणं दोन फ्रिक्वेन्सींवर चालतं: 1090 मेगाहर्ट्झ, आणि 18,000 फुटांखाली उडणाऱ्यांना परवानगी असलेली 978. एकाच बँडचा रिसीव्हर असेल तर दुसऱ्या बँडवरचे लोक तुम्हाला जमिनीवरच्या केंद्राने पुन्हा प्रक्षेपित केले तरच दिसतात. ते केंद्र तुमच्यासाठी काम करतं ते तुमच्या विमानात 'आऊट' चालू असेल तेव्हा, आणि तेही तुमच्याभोवतीच्या 15 नॉटिकल मैल त्रिज्येच्या आणि वर-खाली 3,500 फुटांच्या चकतीपुरतं. शिवाय केंद्र आणि विमान यांच्यामध्ये काही आडवं यायला नको. एका बाजूला पॅलिसेड्सचे कडे, दुसऱ्या बाजूला इमारती, अशा नदीवर हजार फुटांवर असताना मी त्या केंद्राच्या भरवशावर राहणार नाही.

लिंकन पार्कहून निघालो, ईशान्येला टॅपन झी पुलाकडे गेलो आणि तिथून नदी धरली. पाच मिनिटं झाली नसतील, टॅब्लेट ओरडायला लागला: ट्रॅफिक, आपल्याच उंचीवर, अगदी चिकटून! भाऊ चारी दिशांना मान फिरवतोय. बाहेर चिटपाखरू नाही. मी डावीकडे वळलो तर तोही वळला. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. ॲपमध्ये गेल्या आठवड्यातल्या विमानाचा नंबर तसाच राहिला होता, त्यामुळे आज आमचंच विमान त्याला परकं वाटत होतं. भाड्याच्या विमानात बसलात की शेपटीवरचा नंबर आधी ॲपमध्ये बदला. मी आता ते इंजिन सुरू करण्याआधीच्या यादीत लिहून ठेवलं आहे.

अल्पाइन टॉवरपाशी पहिली घोषणा. एफएम रेडिओचा जनक एडविन आर्मस्ट्राँग याने उभारलेला हा मनोरा आज वैमानिकांसाठी मैलाचा दगड झाला आहे. पुढे जॉर्ज वॉशिंग्टन पूल, इन्ट्रेपिड जहाज, जर्सी सिटीतलं कोलगेटचं घड्याळ, स्वातंत्र्यदेवीचा पुतळा आणि शेवटी व्हेराझानो पूल. प्रत्येक ठिकाणी विमानाचा प्रकार, रंग, जागा, दिशा, उंची सांगायची: "हडसन, पांढरा-निळा स्कायहॉक, जीडब्ल्यूबी, साउथबाउंड, अकराशे." स्कायहॉक म्हणजे आमचं सेस्ना 172, जीडब्ल्यूबी म्हणजे जॉर्ज वॉशिंग्टन पूल.

इथे खरी गंमत आहे. रेडिओवर लोक रंग सांगतात, पडद्यावर नंबर दिसतो. "लाल हेलिकॉप्टर, इन्ट्रेपिड, नॉर्थबाउंड, नऊशे" असं ऐकू आलं तेव्हा पडद्यावर समोर तीन बाण होते, तिन्हींखाली नंबर आणि '-02'. म्हणजे आमच्यापेक्षा 200 फूट खाली. यातलं लाल कुठलं? ते पडदा सांगत नाही. त्याने एवढंच सांगितलं की समोर, किंचित डावीकडे, क्षितिजाच्या जरा खाली बघ. तिथे बघितलं तेव्हा लाल ठिपका सापडला. पडद्याकडे बघायचं ते कुठे बघायचं हे कळण्यापुरतं, दोन सेकंद. तिसऱ्या सेकंदाला मान वर.

हे मला कळत होतं, भावाला नाही. तो टॅब्लेटमध्ये असा रमला की बाहेर बघायला मी एकटाच उरलो. कोलगेटच्या घड्याळाच्या थोडं आधी रेडिओवर आवाज आला: "पिवळा कब, नॉर्थबाउंड, अकराशे." आमचीच उंची, समोरून. भाऊ म्हणाला, "दादा, इथे काहीच नाही." पडदा खरंच रिकामा होता. कब म्हणजे पायपरचं छोटं, हलकं विमान; जुन्या कबला इंजिनावर चालणारी वीजयंत्रणाच नसते, त्यामुळे त्याला या सक्तीतून सूट असू शकते. हातातल्या रेडिओवरून बोलत असावा. दहाएक सेकंदांनी तो मॅनहॅटनच्या काठाने, म्हणजे त्याच्या उजव्या काठाने, शांतपणे गेला. काठाचा नियम आम्ही दोघांनी पाळला होता, म्हणून मध्ये अख्खी नदी होती. भारतात डावीकडून चालायची सवय असलेल्यांनी हे निघण्यापूर्वी चार वेळा घोकावं.

पडद्यावर नसणारे आणखीही असतात. ड्रोनना सहसा हे प्रक्षेपण करायला परवानगी नाही. लष्करी यानं ते बंद ठेवू शकतात: 29 जानेवारी 2025 ला वॉशिंग्टनजवळ पोटोमॅक नदीवर प्रवासी विमान आणि लष्कराचं हेलिकॉप्टर धडकून 67 माणसं गेली, तेव्हा त्या हेलिकॉप्टरचं एडीएस-बी प्रक्षेपण होत नव्हतं. आणि काही वेळा दोष आपल्याच रिसीव्हरच्या जागेचा असतो. मी तो डॅशबोर्डवर ठेवला होता. खालची हेलिकॉप्टरं मध्येच दिसायची, मध्येच गायब व्हायची, कारण विमानाचं धातूचं अंग आणि आमची दोघांची शरीरं आड येत होती. परतताना मागच्या बाजूच्या काचेला चिकटवला, फरक लगेच दिसला. उन्हात तापून बंद पडायची भीतीही गेली.

उंचीबद्दल एक बारकावा. पडद्यावरचा '-02' हा दोघांच्या वायुदाबावरून काढलेल्या उंचीतला फरक असतो, अल्टिमीटरच्या (उंचीमापकाच्या) खिडकीत तुम्ही कुठला वायुदाब लावलाय याच्याशी त्याचा संबंध नाही. पण तुम्ही उडता ते अल्टिमीटर बघून. त्यात लावलेल्या दाबात पाऱ्याच्या 0.1 इंचाची चूक म्हणजे सुमारे 100 फूट, आणि इथे सगळा थरच 300 फुटांचा. नदीत शिरण्याआधी जवळच्या विमानतळाचा वायुदाबाचा ताजा आकडा घ्या. ॲपचे आवाजी इशारेही आधीच तपासा. आमचा दर पंधरा सेकंदांनी बोलायला लागला आणि त्याच्या बडबडीत रेडिओवरची एक घोषणा बुडाली. मी तो बंद केला. रेडिओ कधीच नाही.

व्हेराझानो ओलांडून, नकाशावर क्लास बीची हद्द बघून वळलो आणि परत उत्तरेला. स्वातंत्र्यदेवीला घिरट्या घातल्या नाहीत. ते हजार फुटांखालच्या स्थानिक वाहतुकीचं काम, पहिल्या फेरीत नको. हे सगळंच जड वाटत असेल तर कंट्रोलरची परवानगी घेऊन क्लास बीमधून, या पट्ट्याच्या वरून जाणारा स्कायलाइन मार्ग मागा. पहिल्यांदा जाणाऱ्याला मी तोच सुचवेन.

निघण्याआधी नोटॅम, म्हणजे वैमानिकांसाठीच्या ताज्या सूचना, वाचाच. सप्टेंबरमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सभेच्या वेळी निर्बंध येतात. यांकी स्टेडियमवर बेसबॉलचा सामना असेल तर तासभर आधीपासून तासभर नंतरपर्यंत भोवतालचे 3 नॉटिकल मैल बंद असतात, आणि जॉर्ज वॉशिंग्टन पूल त्या वर्तुळात येतो.

उतरल्यावर एफएएच्या संकेतस्थळावर विमानाचा नंबर आणि वेळ टाकून एडीएस-बीचा कामगिरी अहवाल मागवला. फुकट असतो, ईमेलने येतो. आपलं 'आऊट' नीट ओरडत होतं की नाही, ते त्यात कळतं. आमचं ठीक होतं.

भावाची तक्रार मात्र राहिली. दक्षिणेला जाताना तो पुढे उजवीकडे बसला होता, त्यामुळे त्या सगळ्या फोटोंत न्यू जर्सीच आहे. मॅनहॅटन जाताना डावीकडे असतं, येताना उजवीकडे. कॅमेरावाल्याला जाताना वैमानिकाच्या मागे बसवा, किंवा परतीपर्यंत गप्प बसायला सांगा.