वेदीमागच्या खोलीतले शिक्षण

शाळेच्या स्मरणिकेत माजी विद्यार्थी बहुधा वर्गाबद्दल आणि मैदानाबद्दल लिहितात. मी चॅपलच्या वेदीमागच्या खोलीबद्दल, सॅक्रिस्टीबद्दल लिहिणार आहे. वेदीसेवकांना, म्हणजे उपासनेत धर्मगुरूंना मदत करणाऱ्या मुलांना, तिथे जे शिकवले जायचे, ते शाळेने दिलेल्या शिक्षणातले सर्वात टिकाऊ शिक्षण आहे असे मी आजही मानतो. कॅथलिक संस्कारांत, म्हणजे बाप्तिस्म्यासारख्या चर्चच्या पवित्र विधींत, देव पाणी, भाकर, द्राक्षारस, तेल, अग्नी अशा साध्या वस्तूंतून भेटतो. त्यामुळे या वस्तू अस्सल असायला हव्यात, आणि त्यांची नीट तयारी करणाऱ्याची प्रार्थना मिस्साच्या, म्हणजे भाकर-द्राक्षारस अर्पण करण्याच्या उपासनेच्या, घंटेआधीच सुरू झालेली असते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचे संविधान जाहीर केले. माणसाचे पवित्रीकरण इंद्रियांना जाणवणाऱ्या चिन्हांद्वारे व्यक्त होते आणि घडूनही येते, असे त्यात म्हटले आहे. सॅक्रिस्टीत आम्ही हेच हातांनी शिकत होतो.

सुरुवात कपड्यांपासून. धर्मगुरू आधी खांद्यांवरचे अमिस, मग पांढरा पायघोळ आल्ब, कमरेची दोरी, गळ्यातला लांब पट्टा म्हणजे स्टोल, आणि सर्वात वर चॅझुबल हा बिनबाह्यांचा झगा चढवतात. म्हणून टेबलावर मांडताना क्रम नेमका उलटा: चॅझुबल सर्वात खाली, त्यावर स्टोल, दोरी, आल्ब आणि सर्वात वर अमिस. असे मांडले की हाताला येणारे प्रत्येक वस्त्र योग्य वेळी येते आणि ते घालतानाची जुनी छोटी प्रार्थना घाईशिवाय म्हणता येते. रंगांचे नियम पाठ करायला सोपे आहेत. आगमनकाळ (ख्रिस्तजन्माआधीचे आठवडे) आणि उपवासकाळ (पुनरुत्थानाच्या सणाआधीचे आठवडे) जांभळा, ख्रिस्तजन्म आणि पुनरुत्थानकाळ पांढरा, पवित्र आत्म्याच्या आगमनाचा सण पेंटेकॉस्ट, झावळ्यांचा रविवार, गुड फ्रायडे आणि रक्तसाक्षींचे दिवस लाल, बाकी सामान्यकाळ हिरवा. गुलाबी रंग वर्षातून दोनच रविवारी वापरता येतो, आगमनकाळाच्या तिसऱ्या आणि उपवासकाळाच्या चौथ्या.

खरा अभ्यास वेदीवरच्या कापडांचा. कॉर्पोरल हे साधारण दीड फुटाचे चौरस कापड, त्यावर पॅटन (भाकरीची तबकडी) आणि चॅलिस (द्राक्षारसाचा प्याला) ठेवतात. त्याची घडी नऊ चौकोनांची असते. आपल्याकडचा तिसरा भाग वर घ्यायचा, पलीकडचा त्यावर खाली आणायचा, मग उजवी बाजू आत आणि शेवटी डावी. उघडताना उलट क्रम: आधी डावीकडे, मग उजवीकडे, मग पलीकडे आणि शेवटी आपल्याकडे. सगळ्या घड्या आतच पडतात याला कारण आहे. पवित्र भाकरीचा बारीकसा कण कापडावर राहिला तर तो घडीच्या पोटात राहतो, जमिनीवर पडत नाही. म्हणूनच कॉर्पोरल कधी झटकायचे नाही, हवेत फडकवून उघडायचे नाही, आणि त्यावर चॅलिस घासत ओढायचा नाही. इस्त्री करताना घड्या उलट्या बाजूने दाबल्या तर कापड उघडल्यावर मधोमध उंचवटा राहतो, आणि त्यावर चॅलिस डगमगतो. दिसायला ही लहान गोष्ट, पण काठोकाठ भरलेला चॅलिस डगमगताना पाहिला की तिचे मोल कळते.

प्युरिफिकेटर हे चॅलिस पुसायचे कापड. लांबीत तीन घड्या, मग मधोमध एक. कॉर्पोरलला खळ चालते, किंबहुना हवी, कारण ते सपाट बसले पाहिजे. प्युरिफिकेटरला खळ कधीच लावू नये. खळीचे कापड ओल शोषत नाही, नुसते पसरवते. टेरिलीनसारख्या कृत्रिम धाग्याच्या कापडाचीही तीच अडचण. लिनन किंवा चांगले सुती कापडच घ्यावे. हात पुसायचा टॉवेल यापेक्षा वेगळ्या पद्धतीने दुमडून ठेवावा, नाहीतर घाईत दोन्हींची अदलाबदल होते.

धुण्याचा नियम कडक होता आणि तो तसाच असावा. ही कापडे सरळ बालदीत किंवा मशीनमध्ये टाकायची नाहीत. आधी स्वच्छ थंड पाण्यात भिजवून खळबळून घ्यायची आणि ते पाणी सॅक्रेरियममध्ये ओतायचे. सॅक्रेरियम म्हणजे ज्याचा नळ गटाराला न जाता थेट मातीत उतरतो असे कुंड. ते नसेल तर जिथे कुणाचा पाय पडत नाही अशा जागी मातीत. त्यानंतरच साबणाने नेहमीसारखी धुवायची. थंड पाण्याचा आग्रह द्राक्षारसाच्या डागासाठीही आहे, कारण गरम पाण्याने आणि इस्त्रीने डाग कायमचा बसतो. ओठांच्या रंगाचा डाग तेलकट असतो, त्यावर आधी भांड्यांचा साबण चोळावा लागतो. वेदीच्या चादरीवर मेण सांडले तर ते घट्ट होऊ द्यावे, नखाने किंवा बोथट सुरीने खरवडावे, मग खाली-वर टिपकागद ठेवून कोमट इस्त्री फिरवावी. कागद बदलत राहिले नाही तर वितळलेले मेण पुन्हा कापडातच मुरते.

भाकर आणि द्राक्षारस याबाबत चर्चचा कायदा थोडक्यात पण ठाम बोलतो. भाकर फक्त गव्हाची, बेखमीर आणि ताजी. तिच्यात साखर, मध किंवा दुसरे पीठ चालत नाही. द्राक्षारस द्राक्षांचाच, नैसर्गिक आणि न बिघडलेला. ज्यांना ग्लुटेन सोसत नाही त्यांच्यासाठी कमी ग्लुटेनची होस्तिया, म्हणजे मिस्साची चकतीसारखी पातळ भाकर, चालते, पण ग्लुटेन पूर्ण काढलेली चालत नाही. रोमने २०१७ च्या पत्रात हे पुन्हा स्पष्ट केले. अशा व्यक्तीला हवे तर फक्त चॅलिसमधून ख्रिस्तरक्त घेता येते, आणि तेही परिपूर्ण कम्युनियनच, म्हणजे ख्रिस्ताचे पूर्ण ग्रहणच, असते. यासाठी वेगळा चॅलिस ठेवावा, कारण मुख्य चॅलिसमध्ये धर्मगुरू भाकरीचा तुकडा टाकतात. दमट हवेत होस्तिया मऊ पडून एकमेकांना चिकटतात, तेव्हा डबा घट्ट झाकणाचा असावा आणि नवा माल जुन्यावर ओतू नये. आधी जुना संपवावा.

होस्तिया किती ठेवायच्या हा अंदाज सॅक्रिस्टीतल्या माणसाचा. अनेक ठिकाणी सवयीने प्रत्येक मिस्सात टॅबरनॅकलमधूनच, म्हणजे पवित्र भाकर जपून ठेवायच्या कपाटातूनच, कम्युनियन दिले जाते. ही सवय मला योग्य वाटत नाही. त्याच मिस्सात अर्पण केलेल्या भाकरीतून लोकांना मिळावे अशी मिस्साच्या नियमावलीची स्पष्ट अपेक्षा आहे. टॅबरनॅकलमधला साठा प्रामुख्याने आजारी आणि मृत्युशय्येवरच्या माणसांसाठी असतो. लोक मोजून सिबोरियम, म्हणजे होस्तियांचे झाकणाचे भांडे, भरणे हे कष्टाचे काम नाही, फक्त पाच मिनिटे आधी यावे लागते.

द्राक्षारसाची बाटली एकदा उघडली की हवा लागून तो आंबट होऊ लागतो, आणि शिरका झालेला द्राक्षारस संस्काराला चालत नाही. म्हणून छोटी बाटली घ्यावी, बूच घट्ट लावावे, आणि झारीत, म्हणजे वेदीवर न्यायच्या छोट्या सुरईत, ओतण्यापूर्वी वास घ्यावा. द्राक्षारस पांढरा असेल तर दोन झाऱ्या ओळखू येत नाहीत, म्हणून त्यांवर ‘व्ही’ आणि ‘ए’ ही लॅटिन आद्याक्षरे असतात, पहिले द्राक्षारसासाठी, दुसरे पाण्यासाठी. तरी गोंधळ झालाच, आणि चॅलिसमध्ये नुसते पाणीच गेले आहे हे अभिषेकशब्दांनंतर (भाकर आणि द्राक्षारस ख्रिस्ताचे शरीर आणि रक्त होतात ते शब्द) किंवा कम्युनियनच्या वेळी लक्षात आले, तर उपाय ठरलेला आहे. ते पाणी एखाद्या भांड्यात काढावे, चॅलिसमध्ये द्राक्षारस आणि थोडे पाणी घालावे, आणि धर्मगुरूंनी चॅलिसपुरते शब्द पुन्हा म्हणावेत. भाकरीचे शब्द पुन्हा म्हणावे लागत नाहीत. वेदीसेवकाने अशा वेळी घाबरून इकडेतिकडे न बघता द्राक्षारसाची झारी हातात घेऊन वेदीजवळ जावे, एवढे पुरे.

चॅलिसमध्ये पाणी थेंबभरच पडते. तिसऱ्या शतकात कार्थेजचे बिशप संत सिप्रियन यांनी त्याचा अर्थ सांगितला: द्राक्षारस म्हणजे ख्रिस्त, पाणी म्हणजे त्याचे लोक, आणि एकदा मिसळले की ते वेगळे करता येत नाहीत. नुसता द्राक्षारस अर्पण केला तर ख्रिस्त आपल्याविना, नुसते पाणी अर्पण केले तर आपण ख्रिस्ताविना. मिस्सातली जवळजवळ नजरेआड घडणारी ही कृती मला सगळ्यात प्रिय आहे. मुलांना ती नीट समजावून सांगितली तर झारी पुढे करताना त्यांचा हात आपोआप सावकाश होतो.

धूपदाणीची गोष्ट निराळी, तिथे उत्साहाला आवर घालावा लागतो. झटपट पेटणाऱ्या कोळशाच्या वडीत सोरा असतो. ओल लागली की ती तडतडते किंवा अर्धीच पेटते, म्हणून ती हवाबंद डब्यात ठेवावी. वडी चिमट्यात धरून कडेने पेटवायची आणि निदान दहा मिनिटे आधी. ठिणग्या थांबून वर राखाडी थर आला की ती तयार. काळ्या वडीवर धूप टाकला तर सोऱ्याचा वास येतो आणि लोक खोकू लागतात. धूप एकदम ढीगभर टाकला तर कोळसा गुदमरतो. दोन-तीन छोटे चमचे पुरतात. उजव्या हाताने साखळी झाकणाच्या जवळ धरली तरच धूपदाणी ताब्यात राहते, लांब साखळीने ती फक्त गोल फिरते. ख्रिस्तशरीर, शुभवर्तमानाचे पुस्तक, अर्पणे, क्रूस, पास्काची (पुनरुत्थानाच्या सणाची) मेणबत्ती, धर्मगुरू आणि लोक यांना तीन हेलकावे. संतांच्या अवशेषांना आणि प्रतिमांना दोन. अर्पणे सोडून बाकीच्यांना आधी आणि नंतर नमन. लोकांना धूप का, हा प्रश्न नेहमी येतो. बाप्तिस्म्याने ते ख्रिस्ताच्या देहाचे अवयव झाले आहेत, म्हणून.

उपवासकाळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारी कपाळावर लावायची राख मागच्या वर्षीच्या आशीर्वादित झावळ्यांची करतात. झावळ्या कडकडीत वाळवून, बारीक तोडून, उघड्यावर लोखंडी भांड्यात जाळायच्या, पूर्ण थंड झाल्यावर चुरून तलम चाळणीने चाळायच्या. इथे एक गंभीर धोका आहे. राखेत पाणी कालवून लेप करण्याचा मोह होतो, कारण मग ती कपाळावर चांगली बसते. पण वनस्पतींच्या राखेत पाणी मिसळले की क्षार तयार होतो आणि कपाळाची कातडी भाजू शकते. राख कोरडीच वापरावी. फारच उडत असेल तर साध्या तेलाचे एक-दोन थेंब. अभिषेकाची पवित्र तेले यासाठी वापरू नयेत.

पास्काची मेणबत्ती दरवर्षी नवी, एकच, खऱ्या मेणाची आणि पुरेशी मोठी असावी. नळीत तेल भरलेली नकली मेणबत्ती चालत नाही, कारण ख्रिस्त स्वतः झिजून उजेड देतो हे मेणच जळून दाखवते. तिच्यावर क्रूस, वर आल्फा, खाली ओमेगा (ग्रीक वर्णमालेतले पहिले आणि शेवटचे अक्षर), क्रूसाच्या चार कोपऱ्यांत चालू वर्षाचे चार अंक, आणि धुपाचे पाच दाणे, म्हणजे पाच जखमा. हे दाणे थंड मेणात खुपसताना मेण फुटते, म्हणून छिद्रे आदल्या दिवशी गरम सुईने करून ठेवावीत. पुनरुत्थानकाळ संपल्यावर ती बाप्तिस्मा कुंडाजवळ उभी राहते, बाप्तिस्म्याच्या वेळी पेटते, आणि अंत्यविधीला शवपेटीजवळ.

बाप्तिस्म्याबद्दल प्रत्येक विद्यार्थ्याला, वेदीसेवक असो वा नसो, एक गोष्ट पाठ करायला लावत. मृत्यूचा धोका असेल तर कोणीही माणूस, तो स्वतः बाप्तिस्मा न घेतलेला असला तरी, चर्चचा जो हेतू तोच मनात धरून बाप्तिस्मा देऊ शकतो. साधे पाणी तीनदा डोक्यावर ओतायचे आणि ओतत असतानाच त्याच माणसाने म्हणायचे: ‘मी तुला पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा देतो.’ पाणी कातडीवरून वाहिले पाहिजे, नुसते केस ओले होऊन भागत नाही. शब्द बदलायचे नाहीत. ‘मी’ ऐवजी ‘आम्ही’ म्हटलेला बाप्तिस्मा ग्राह्य नाही, असा निर्णय रोमने ऑगस्ट २०२० मध्ये जाहीर केला. चुकीचे शब्द वापरले गेल्याचे उघड झाले तर त्या माणसाचा बाप्तिस्मा आणि त्यावर आधारलेले पुढचे संस्कार पुन्हा करावे लागतात.

वाचनाच्या पुस्तकाचे रेशीम, म्हणजे पान दाखवणारी फीत, हा नव्या मुलांनी आधी शिकावा असा भाग आहे. रविवारची वाचने ए, बी, सी अशा तीन वर्षांच्या फेऱ्यात चालतात. ज्या वर्षाला तीनने नि:शेष भाग जातो ते सी, जसे २०२५. सामान्यकाळातल्या इतर दिवशी पहिले वाचन विषम वर्षी एक, सम वर्षी दुसरे, शुभवर्तमान मात्र तेच. चूक होते ती आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी, कारण उपासनेचे वर्ष तेव्हाच बदलते आणि कॅलेंडरवरचे वर्ष जुनेच असते. त्या रविवारपासून येणाऱ्या वर्षाचा आकडा धरावा. रेशीम आदल्या संध्याकाळी लावावे आणि वाचणाऱ्याने ते उतारे एकदा मोठ्याने वाचून पाहावेत.

सध्याच्या वेदीसेवकांना पहिल्याच महिन्यात धूपदाणी देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आधी कॉर्पोरलची घडी, मग झाऱ्या, मग मेणबत्त्या. आणि खोलीला कुलूप लावण्यापूर्वी वापरलेला कोळसा वाळूच्या लोखंडी डब्यात गेला आहे ना, हे ज्याने तो पेटवला त्यानेच पाहावे. वरून विझलेला दिसला तरी तो आतून बराच वेळ धगधगता असतो.