फार्मसीतून फोन आला की डॉक्टर काय समजतात

सकाळचा राउंड आटोपलेला असतो, रजिस्ट्रार, म्हणजे मोठ्या डॉक्टरांच्या हाताखालचा निवासी डॉक्टर, ट्रीटमेंट शीट भरत असतो, तेवढ्यात वॉर्डातला फोन वाजतो. "फार्मसीतून आहे," सिस्टर सांगतात. डॉक्टरच्या मनात लगेच येतं, कुठलं तरी औषध संपलं वाटतं. दहापैकी नऊ वेळा तसंच असतं.

मुंबईतल्या रुग्णालयांत डॉक्टर फार्मासिस्टला काय समजतात, ते या फोनवरून ठरतं. दिवसभर "हा ब्रँड नाही, दुसरा चालेल का?" एवढंच विचारणारा माणूस स्टोअरकीपरच वाटणार. पालिकेच्या रुग्णालयात तो खिडकीमागचा औषधनिर्माता असतो, खासगीत तळमजल्यावरचा "मेडिकलवाला". त्यात अनादर असतोच असं नाही, पण ओळख तेवढ्यापुरतीच राहते.

ब्रँडचा फोन उगाच केलेला नसतो, हेही डॉक्टरांनी समजून घ्यायला हवं. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ मधल्या नियम ६५ नुसार शेड्यूल एचमधलं (डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय न मिळणारं) औषध लिहिलेलं असेल, तर त्याऐवजी दुसऱ्या कंपनीचं औषध फार्मासिस्टला परस्पर देता येत नाही, आतला रेणू तोच असला तरीही. यावर उपाय साधा आहे. रुग्णालयाच्या औषध समितीत कुठल्या औषधाऐवजी कुठलं चालेल याची यादी एकदाच ठरवायची आणि त्यावर सगळ्या युनिट प्रमुखांच्या सह्या घ्यायच्या. शिवाय २०१६ पासून वैद्यकीय परिषदेच्या नियमांत जेनेरिक नाव, वाचता येईल असं आणि शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहावं, असं आहेच. ते पाळलं तर निम्मे फोन करावेच लागणार नाहीत.

आता दुसऱ्या प्रकारचा फोन बघा. सत्तर वर्षांच्या बाई, वजन ५० किलो, न्यूमोनिया, मेरोपेनम हे अँटिबायोटिक १ ग्रॅम दर ८ तासांनी सुरू. क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचं काम दाखवणारा रक्तातला आकडा, १.८. राउंडमध्ये "थोडं वाढलंय" म्हणून पुढे जावं असाच हा आकडा. मूत्रपिंडाची क्षमता काढायच्या कॉकक्रॉफ्ट-गॉल्ट सूत्राने मांडलं तर: १४० वजा वय म्हणजे ७०, गुणिले ५० किलो, भागिले ७२ गुणिले १.८. उत्तर २७. बाई असल्याने गुणिले ०.८५, म्हणजे क्लिअरन्स (मूत्रपिंड किती रक्त साफ करतं ते) मिनिटाला सुमारे २३ मिली. या टप्प्यात मेरोपेनमचा डोस निम्मा होतो आणि दर १२ तासांनी द्यायचा असतो. दिवसाला ३ ग्रॅम लागत नाही, १ ग्रॅम पुरतं. जास्तीचं औषध साठत गेलं की म्हाताऱ्या माणसाला झटके येऊ शकतात.

हे डॉक्टरला सांगायचं कसं, यावर पुढचं सगळं अवलंबून असतं. "डॉक्टर, तुमचा डोस जास्त आहे" असं म्हटलं की समोरचा बचावाला उभा राहतो. "सर, बेड १४ च्या आजी, वजन ५०, क्रिएटिनिन १.८, क्लिअरन्स २३ येतोय. मेरोपेनम ५०० मिलिग्रॅम बाराच्या हिशेबाने करू या का?" एवढं म्हटलं तर वीस सेकंदांत "हो, करा" येतं. बेड, आकडा, काय करायचं. तेही आधी रजिस्ट्रारला किंवा आरएमओला (निवासी वैद्यकीय अधिकाऱ्याला) सांगायचं. थेट मोठ्या सरांना फोन केला की रजिस्ट्रारला वाटतं आपली चुगली झाली, आणि पुढचे सहा महिने तो फोन उचलत नाही.

पण डॉक्टरांची उलट तक्रारही खरी असते. हाच डोस पहिल्या दिवशी निम्मा करा म्हणणारा फार्मासिस्ट घातक ठरू शकतो. सेप्सिसमध्ये, म्हणजे जंतुसंसर्गाने अवयव बिघडू लागतात तेव्हा, पहिला डोस पूर्णच द्यायचा असतो, आणि सलाईन चढल्यावर क्रिएटिनिन दोन दिवसांत उतरण्याची शक्यता असेल तर घाईने डोस कापल्यास जंतूंचं फावतं. रुग्ण न बघता फक्त संगणकावरची लाल खूण वाचून केलेले फोन डॉक्टरांना दोन आठवड्यांत ओळखू येतात. सॉफ्टवेअर औषधांच्या प्रत्येक जोडीला इशारा देतं. त्यातलं फोन करण्याजोगं काय, हे निवडणं हीच खरी फार्मसी. मेरोपेनम आणि फिट्सवरचं व्हॅलप्रोएट एकत्र दिसले तर मात्र लगेच उठायचं. व्हॅलप्रोएटची रक्तातली पातळी दोन दिवसांत निम्म्याच्याही खाली जाते, आणि डोस वाढवूनही ती सावरत नाही. अँटिबायोटिक बदलायचं किंवा फिट्सचं दुसरं औषध जोडायचं, यातलं काय हे डॉक्टर ठरवतील, पण त्यांच्या लक्षात आणून कोणीतरी द्यायला हवं.

व्हॅन्कोमायसिन या अँटिबायोटिकचं आणखी वेगळं. इथे औषध बरोबर, डोस बरोबर, चूक वेगात. १ ग्रॅम किमान २०० मिलीमध्ये मिसळून कमीत कमी एक तास चालवायचं असतं. गर्दीच्या वॉर्डात ते १०० मिलीच्या बाटलीत घालून वीस मिनिटांत संपवलं जातं, चेहरा-मान लालबुंद होते, कधी बीपी उतरतं, आणि फाइलवर कोणीतरी "व्हॅन्कोमायसिन ॲलर्जी" लिहून मोकळं होतं. पुढच्या वेळी त्या रुग्णाला हे औषध मिळतच नाही. ॲलर्जीची नोंद दिसली की ती कशी, किती वेळात आली हे विचारायला फार्मासिस्टने सिस्टरांकडे जावं. फोनवर हे उकलत नाही.

जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईतल्या वॉर्डांत मलेरिया, लेप्टो आणि डेंग्यू एकदम भरतात, आणि फार्मासिस्टचं वजन वाढायला याहून चांगला काळ नाही. मलेरियाच्या आर्टेसुनेट इंजेक्शनचंच घ्या. ६० मिलिग्रॅमच्या कुपीबरोबर १ मिली सोडियम बायकार्बोनेट आणि ५ मिली नॉर्मल सलाईन येतं. आधी बायकार्बोनेट घालून हलवायचं, द्रव स्वच्छ झाला की सलाईन घालायचं, म्हणजे १ मिलीमध्ये १० मिलिग्रॅम होतं. प्रौढाला किलोमागे २.४ मिलिग्रॅम. ६० किलोच्या माणसाला १४४ मिलिग्रॅम, म्हणजे १४.४ मिली, तीन कुप्या. ०, १२ आणि २४ तासांनी, मग रोज एकदा. चुका दोनच, पण नेहमीच्या: बायकार्बोनेट बाजूला ठेवून डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवणं, आणि उरलेलं पुढच्या डोससाठी फ्रीजमध्ये ठेवणं. विरघळवलेलं औषध तासाभरात वापरायचं, उरलं तर टाकायचं. कुप्यांसोबत मराठीत चार ओळींची चिठ्ठी पाठवली की सिस्टरही खूश, डॉक्टरही खूश. व्हायव्हॅक्स प्रकारचा मलेरिया असेल तर डिस्चार्जच्या कागदावर १४ दिवसांचं प्रायमाक्विन (मलेरिया उलटू नये म्हणून) आहे का आणि जी६पीडी (ते औषध सोसेल का हे सांगणारी रक्ततपासणी) झालं आहे का, हे दोन प्रश्न फार्मसीतूनच यावेत. ताप उतरला की घरी जायच्या घाईत हेच राहून जातं.

डेंग्यूत प्लेटलेट उतरत असताना चार्टवर डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक दिसलं तर कळवायचं, यात दुमत नाही. रक्त पातळ करणारी ॲस्पिरिन-क्लोपिडोग्रेल मात्र परस्पर थांबवायला सांगू नये. मागच्या महिन्यात स्टेंट बसलेला असेल तर निर्णय हृदयरोगतज्ज्ञाचा. फार्मासिस्टने विचारायचं ते एवढंच: स्टेंट कधी बसला?

धोक्याच्या औषधांबाबत डॉक्टर फार्मसीचं सहसा ऐकतात, फक्त अडचण नेमकी दाखवावी लागते. पोटॅशियम क्लोराइडची १० मिलीची ॲम्प्यूल, म्हणजे २० मिलिइक्विव्हॅलंट, डिस्टिल्ड वॉटरच्या प्लास्टिक ॲम्प्यूलसारखीच दिसते. ती सरळ शिरेत गेली तर हृदय थांबतं. म्हणून ती साध्या वॉर्डाच्या ट्रॉलीतून काढायची. आयसीयूत ठेवलीच तर कुलपात, लाल लेबल लावून. रक्त गोठू न देणाऱ्या हेपारिनची ५ मिलीची कुपी १००० युनिट प्रति मिलीची असते आणि ५००० चीही. आकार तोच, ताकद पाचपट. इन्सुलिनच्या कुप्या आपल्याकडे मिलीमागे ४० युनिटच्या, पेनची काडतुसं १०० ची. काडतुसातलं इन्सुलिन लाल टोपीच्या ४० च्या सिरिंजने ओढलं की अडीचपट डोस जातो. त्यात ऑर्डरमध्ये "यू" हे इंग्रजी अक्षर लिहिलं की घाईत ते शून्य वाटतं आणि ६ चे ६० होतात. "युनिट" हा शब्द पूर्ण लिहा, एवढंच मागणं.

डिस्चार्ज अडकला की खापर फार्मसीवर फुटतं. खरं कारण बहुधा परतीची औषधं: वॉर्डातून उरलेली ॲम्प्यूल्स अकरा वाजता एकदम खाली येतात, मोजणी होते, मग बिल बंद होतं, मग मेडिक्लेमचे कागद. आदल्या संध्याकाळीच "उद्या जाणार" कळवलं तर दीड-दोन तास सहज वाचतात.

फार्म.डी. हा सहा वर्षांचा अभ्यासक्रम आपल्याकडे २००८ मध्ये सुरू झाला, तरी बऱ्याच वरिष्ठ डॉक्टरांना अजून फार्मासिस्ट म्हणजे दोन वर्षांचा डिप्लोमाच वाटतो. नावामागे "डॉ." लावण्यावरून कुरबुरी होतात त्या वेगळ्याच. माझ्या मते त्या वादात वेळ घालवू नये. आठवड्यातून तीन दिवस राउंडला उभं राहिलं तर पदवी विचारायची कोणाला आठवतही नाही.

सांगितलेलं सगळं फाइलवर उतरवायचं: तारीख, वेळ, कोणाशी बोललो, काय सुचवलं, मान्य की अमान्य. अमान्य असेल तर डॉक्टरांचं कारणही, त्यांच्याच शब्दांत. पण काही ऑर्डर अशा असतात की नुसती नोंद करून औषध सोडून द्यायचं नसतं. संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट "रोज एक" लिहिलं असेल तर औषध खिडकीतच थांबवायचं, रजिस्ट्रार भेटला नाही तर कन्सल्टंटपर्यंत जायचं, मग कोणाला राग येवो. आठवड्यातून एकदाच घ्यायचं हे औषध रोज घेतलं तर तोंडात फोड येतात, पांढऱ्या पेशी कोसळतात, माणूस दगावतोही. ऑर्डर दुरुस्त झाली की पाकिटावर वार लिहायचा, "फक्त मंगळवारी", आणि गोळ्या चार आठवड्यांच्याच द्यायच्या.