पहाटे चारचा हॉल

आम्हा भावंडांचं दरवर्षीचं भेटणं डिसेंबरातच असतं आणि ते ठरतं शाळांवरून. दादा टोरंटोला, ताई मेलबर्नला, मी बर्लिनला. जुलै-ऑगस्टमधे दादाची मुलगी मोकळी असते तेव्हा ताईकडे ऐन हिवाळ्यात बहुतेक काळ शाळा चालू, आणि जानेवारीत ताईच्या मुलांची उन्हाळ्याची सुट्टी रंगात आलेली असते तोवर दादाची लेक परत शाळेत. दोन्हीकडच्या सुट्ट्या नीट जुळतात त्या डिसेंबरच्या शेवटाला जेमतेम दोन आठवडे, आणि नेमकी तेव्हाच सगळ्या जगाला कुठेतरी जायचं असतं, त्यामुळे तिकिटं मे महिन्यातच काढावी लागतात.

यावेळी इस्तंबूल ठरलं. टोरंटोहून थेट विमान आहे साधारण दहा तासांचं, मेलबर्नहून सिंगापूरमार्गे जवळपास अख्खा दिवस जातो, मला आणि आईला (आई यंदा माझ्याकडे होती) तीन तास. कादिकॉयला, म्हणजे शहराच्या आशियातल्या बाजूला, सगळ्यांना मिळून एक मोठा फ्लॅट घेतला. नऊ दिवस, नऊ माणसं, एक हॉल. हॉटेल नकोच असं माझं ठाम मत आहे, वेगवेगळ्या खोल्यांची दारं एकदा बंद झाली की भेट तिथेच संपते.

एक गोष्ट मात्र तिथे पोचल्यावर कळली. डिसेंबरात टोरंटो इस्तंबूलच्या आठ तास मागे असतं आणि मेलबर्न बरोब्बर आठ तास पुढे! पहिल्या संध्याकाळी साडेसातलाच ताई, भावोजी आणि दोन्ही मुलं जिथे बसली होती तिथेच झोपली, त्यांच्या अंगात पहाटेचे साडेतीन वाजले होते, आणि दादाकडची मंडळी टक्क जागी, त्यांची अजून सकाळच सरायची होती. मी जरा हिरमुसले, एवढ्या लांबून सगळे आले आणि एकत्र धड बोलणंही नाही. मी फिरण्याचं सगळं वेळापत्रक करून ठेवलेलं, कुठल्या दिवशी टोपकापी राजवाडा, कुठल्या दिवशी हागिया सोफिया, ते पहिल्या दिवशीच कोलमडलं.

पहाटे चारला पाणी प्यायला उठले तर हॉलमधे दिवा. दादा अजून झोपलाच नव्हता, त्याला रात्रीचे आठ वाटत होते, आणि ताई झोप पूर्ण करून उठलेली, तिची भर दुपार. दोघं हीटरजवळ पाय घेऊन बसलेले. मी पण बसले.

बाबा २०२१च्या ऑगस्टमधे वारले, दादाकडे टोरंटोला असताना. तेव्हा कोविडमुळे ऑस्ट्रेलियातून बाहेर पडायलाच सरकारची परवानगी लागायची, मार्च २०२० पासून ते ऑक्टोबर २०२१ अखेरपर्यंत तसंच होतं, आणि ताईच्या हातात कागद पडेपर्यंत सगळं आटोपलं होतं. तिने सगळं फोनवर पाहिलं. त्यानंतर आम्ही तीनदा भेटलो पण दर वेळी मुलं, सामान, गर्दी, फोटो, हा विषय कुणी काढलाच नाही. त्या पहाटे ताईने दादाला सरळ विचारलं, "शेवटच्या आठवड्यात माझी आठवण काढायचे का रे?"

दादा बराच वेळ काही बोललाच नाही. मग म्हणाला, "अगं, त्यांच्या उशाशी एक घड्याळ होतं ना, ते त्यांनी मेलबर्नच्या वेळेवर लावून घेतलं होतं. नर्स रोज बरोबर करायची आणि ते रोज मला परत फिरवायला लावायचे."

हे मलाही माहीत नव्हतं. ताई रडली, मग आम्ही तिघंही. उजाडायची वाट बघत किती वेळ बसलो होतो कोण जाणे. तिथे उजाडतंही उशिरा, २०१६ पासून तुर्कस्तानात हिवाळ्यात घड्याळ मागे घेत नाहीत, त्यामुळे डिसेंबरात सूर्य उगवायला जवळजवळ साडेआठ होतात.

मग रोज तसंच व्हायला लागलं. चारच्या सुमाराला हॉलमधे कुणी ना कुणी असायचंच. एका पहाटे भाची आणि भाचा, दोघंही पंधरा वर्षांचे, तासभर बोलत होते, ती जिला आत्या म्हणते तिला हा आई म्हणतो, यावर काहीतरी चाललं होतं. एका पहाटे वहिनी आणि भावोजी, जे एरवी एकमेकांशी "काय कसं काय"च्या पुढे जात नाहीत. मी वेळापत्रक बाजूला ठेवलं.

फिरलो ते थोडंच. हागिया सोफिया पाहिली, इसवी सन ५३७ची वास्तू, आई त्या घुमटाखाली मान वर करून नुसती उभी राहिली. पण मला विचाराल तर सकाळची कादिकॉयहून पलीकडच्या, युरोपातल्या बाजूच्या एमिनोनूला जाणारी फेरीबोट सगळ्यात सुंदर. वीसेक मिनिटांचा प्रवास. हैदरपाशा स्टेशनची जुनी इमारत मागे पडते, सीगल बोटीबरोबर उडत राहतात, समोर टोपकापी आणि मशिदींचे मिनार, आणि सूर्य आपल्या पाठीमागून वर येत असतो त्यामुळे उजेड समोरच्या घुमटांवर आधी पडतो. गार वारा होता तरी आई आत बसेना. ताईने तिला आपल्या शालीत घेतलं, आणि दोघी एमिनोनू येईपर्यंत काही बोलल्या नाहीत.

शरीराचं घड्याळ दिवसाला साधारण एक तास सरकतं म्हणतात. आठ तासांना आठ दिवस. शेवटच्या रात्री साडेदहाला सगळे एकदमच पेंगायला लागले, पहिल्यांदाच, आणि बॅगा दाराशी लावून झोपले. दुसऱ्या दिवशी दुपारी ताईचं विमान, संध्याकाळी दादाचं.

मला चारला जाग आली. हॉलमधे गेले. दिवा बंद होता, हीटरजवळच्या दोन्ही खुर्च्या रिकाम्या, आतून सगळ्यांच्या झोपेतल्या श्वासांचा आवाज येत होता. मी दिवा न लावता तिथे बसून राहिले.